रस्ता कुणाच्या बापाचा?

मला गाडी चालवता येत नाही. ना चारचाकी, ना फटफटी. सायकल आयुष्यात दोनदा धरली आणि दोन्ही वेळा गुडघे फोडून घेतले. संपादकीयाची सुरुवात असल्या कबुलीनं करायची नसते हे मला कळतं. पण परभणी सोडून मुंबईला आलो आणि या शहरानं पहिल्याच आठवड्यात मला असा प्रश्न विचारला की या अंकासाठी ठरवलेले बाकीचे विषय बाजूला सारावे लागले.

एका कचेरीत नोकरीसाठी गेलो होतो. साहेबांनी कागद बघितले, मार्क बघितले. खूष. सोमवारपासून या म्हणाले. मी दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "टू-व्हीलर आहे ना स्वतःची?"

"नाही."

"लायसन तरी?"

"नाही."

"राहता कुठं?"

"आरे कॉलनीत."

साहेबांनी माझे कागद पुन्हा फाईलीत घातले. "मग अवघड आहे. आमच्या कामात फिरावं लागतं. बघू, कळवू."

अजून कळवताहेत.

गावाकडं वेगळा प्रश्न असतो. 'पाव्हणं, कुणापैकी?' त्या एका प्रश्नात पाणी कसं द्यायचं, चहा कुठल्या कपात द्यायचा, कुठं बसवायचं, सगळं ठरून जातं. मुंबईत तो प्रश्न मेलाय असं कुणी समजू नका. खोली शोधताना तीन ठिकाणी आडनाव विचारलं आणि तिन्ही ठिकाणी खोली 'कालच गेली' होती. पण आता त्या प्रश्नाला एक धाकटा भाऊ झालाय. गाडी आहे का? हा दिसायला सोज्वळ. याच्यावर ॲट्रॉसिटी लागत नाही. कामं मात्र हा थोरल्याचीच करतो. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला वेशीवर ठेवायचं, हे ठरवतो.

म्हणून म्हटलं, आज याच्यावरच लिहू.

*

माझ्या आजोबांनी पाटलाच्या बैलगाडीमागं चालत सारी पंचक्रोशी पालथी घातली. गाडीत जोंधळ्याची पोती, पोत्यांवर पाटलाचं कुत्रं, आणि मागं धुळीत आजोबा. बैलांना वैरण तेच टाकायचे, चाकाला वंगण तेच लावायचे. कासरा मात्र हातात कधी आला नाही. माझे गुडघे फुटले त्याचं खापर मी मनूच्या डोक्यावर फोडत नाही, पण ज्याच्या घराण्यात तीन पिढ्या कुणी गाडीत बसलं नाही, त्या पोराला गाडी येत नाही यात नवल ते काय?

बाबासाहेबांचं बघा. सन १९०१. वडील सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात नोकरीला. गावाचं नाव बाबासाहेबांच्या आठवणीत गोरेगाव असं येतं. माझंही स्टेशन गोरेगावच, पण ते मुंबईचं. चार पोरं, अंगावर चांगले कपडे, रेल्वेनं मसूर स्टेशनात उतरली. रेल्वेनं तिकीट घेतलं आणि आणून सोडलं, जात विचारली नाही. स्टेशनमास्तरनं विचारली. पोरांनी खरं सांगितलं आणि मास्तर दचकून मागं सरला. बाहेर गाडीवाले उभे होते, पैसे मिळत होते, तरी एकही गाडी जुंपेना. शेवटी तोड निघाली ती अशी: दुप्पट भाडं द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान शेजारून पायी चालणार. रात्रीचा प्रवास, बरोबर भाकरी, आणि वाटेत पाणी द्यायला कुणी तयार नाही.

पुढं अठ्ठावीस वर्षं गेली. तो पोरगा बॅरिस्टर झाला, परदेशातून डॉक्टर होऊन आला, सरकारी समितीचा सभासद झाला. १९२९ साली त्याच समितीच्या कामात चाळीसगाव स्टेशनावर उतरला. वस्तीतल्या लोकांनी टांगा ठरवला होता. टांगेवाला म्हणाला, टांगा न्या, पण महाराला घेऊन मी हाकणार नाही. आता पाहुण्याला पायी कसं न्यायचं? मग वस्तीतल्याच एकानं लगाम धरला. त्यानं जन्मात टांगा हाकला नव्हता. पुलाच्या मोरीवर चाक अडकलं, घोडा बिथरला, बाबासाहेब खाली दगडांवर फेकले गेले. पाय मोडला.

दोस्तहो, ज्याला गाडी हाकता येत नाही त्याच्या हातात लगाम का आला, हा खरा प्रश्न आहे. त्या बिचाऱ्या माणसाची चूक नव्हती. ज्याला हाकता येत होतं त्यानं नकार दिला म्हणून. आणि तो नकार देऊ शकला, कारण गाडी त्याच्या मर्जीवर चालत होती.

असंच देशभर होतं. त्रावणकोरात १८९३ साली अय्यनकाळी बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यानं निघाले. नुसते बसून निघाले, दुसरं काही केलं नाही. तेवढ्यावर सवर्ण अंगावर धावून आले. आजही एखाद्या गावात आपला नवरदेव घोड्यावर बसतो आणि दगड येतात. गाडीचा, घोड्याचा, रस्त्याचा आणि आपला हा जुना हिशोब आहे.

*

या हिशोबात एक गोष्ट आपल्या बाजूनं घडली. तिकीट.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. इंग्रजानं ती आपल्यासाठी आणली नव्हती, कापसासाठी आणि फौजेसाठी आणली. पण डब्यात बाकडं एकच आणि गर्दी एवढी की कुणी कुणाला शिवू नये म्हटलं तरी जमेना. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली बस धावली. १ जून १९४८ ला पुणे-नगर एसटी सुटली. एसटीत जात गळून पडली असलं भाबडं मी बोलणार नाही. खिडकीशी बसलेली बाई अंग चोरून घेते ते माझ्या आईनं बघितलंय, मीही बघितलंय. पण कंडक्टरनं माझ्या आईला उठवलं नाही. तिच्या मुठीत तिकीट होतं. ज्या गावात तिला पाटलाच्या ओट्यावर बसता येत नव्हतं, त्याच गावातून सुटणाऱ्या गाडीत ती बाकावर बसून तालुक्याला गेली. तालुक्याला शाळा होती, कोर्ट होतं, दवाखाना होता. आपल्या मागच्या पिढ्या गावातून निघाल्या त्या असल्याच तिकिटावर. नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींत, परळच्या बीआयटी चाळीत, माटुंगा लेबर कॅम्पात ज्यांनी पथारी टाकली, त्यांच्यातलं कुणी मोटारीतून आलं नव्हतं.

मीही तसाच आलो. देवगिरी एक्स्प्रेस, जनरल डबा, रात्रभर संडासाच्या दाराशी उभा. पाठीवर सॅक, हातात पुस्तकांची गोणी. मग लोकल, मग गोरेगाव पूर्वेला लाल बस. आरे चेक नाक्यातून बस आत वळली आणि एकदम झाडी लागली. गारवा आला. मला वाटलं, च्यायला, चुकून परत गावाकडं निघालो की काय.

*

आरेचं कसं आहे ते सांगतो. १९४९ साली सरकारनं इथं दूध वसाहत उभारली. शहरातले म्हशींचे तबेले इथं आणून बसवायचे आणि मुंबईला चांगलं दूध पाजायचं, अशी दारा खुरोडींची योजना. तीन हजार एकरांच्या वर जमीन. म्हशींना युनिट मिळाले, युनिटांना नंबर मिळाले. आजही इथं पत्ता सांगायचा तर म्हशींच्या नंबरानं सांगायचा, अमुक युनिटच्या मागं, तमुक युनिटच्या खाली. पण म्हशी यायच्या आधीपासून इथं वारली होते. सत्तावीस पाडे आहेत त्यांचे. म्हशींच्या दुधासाठी डांबरी सडक झाली. कित्येक पाड्यांना मात्र वीज आणि नळ मिळायला पुढची कितीतरी दशकं वाट बघावी लागली. नंतर आपल्यासारखे आले. मराठवाड्यातले, विदर्भातले, उत्तरेतले, जागा मिळेल तिथं पत्रे ठोकून राहिले. त्यातल्याच एका पत्र्याखाली मी राहतो. भाडं कमी, आडनाव कुणी विचारलं नाही.

बसचा स्टॉप माझ्या खोलीपासून पंधरा मिनिटं. दिवसा ही पंधरा मिनिटं म्हणजे सुख. रात्री वेगळं. शेजारी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, आणि बिबट्याला हद्द कळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, इथल्या एका युनिटात सोळा महिन्यांची पोर बिबट्याच्या हल्ल्यात गेली. म्हणून रात्री उतरलो की आम्ही चार-पाच जण एकमेकांसाठी थांबतो. मोबाईलच्या उजेडात मोठमोठ्यानं बोलत जातो. कुणी सिक्युरिटीत, कुणी सीप्झमध्ये, कुणी पवईत धुणीभांडी करून येणाऱ्या बाया. एकमेकांची नावं बऱ्याचदा ठाऊक नसतात. शेवटची बस चुकलेल्याला सोबत नसते.

श्रावणातल्या एका रात्रीची गोष्ट. शेजारच्या खोलीतलं तीन वर्षांचं पोरगं तापानं फणफणलं आणि त्याला झटके यायला लागले. साडेअकरा वाजले होते. बाप नाईट ड्युटीला. त्याची आई पोराला छातीशी धरून धावली, मागं मी. मोठ्या सडकेवर आलो. पहिला रिक्षावाला थांबला, पोराकडं बघितलं, म्हणाला, "उधर नहीं जाऊंगा." दुसरा थांबलाच नाही. तिसऱ्यानं तिप्पट सांगितले. मी हो म्हणेपर्यंत तोही निघून गेला. शेवटी तबेल्याचा दुधाचा टेम्पो आला, त्यानं कॅनांच्या मधे बसवलं. पोरगं वाचलं. दवाखान्याच्या पायरीवर पहाट होईपर्यंत बसलो तेव्हा माझ्या डोक्यात फक्त चाळीसगाव होतं.

आता इथं खोटं बोलायला नको. रिक्षावाल्यानं जात बघून नकार दिला नाही. अंधारात त्याला जात दिसलीही नसेल. खड्डे, अंधार, येताना रिकामी फेरी, आणि गाडीही त्याच्या मालकीची नाही, रोजच्या भाड्यावर. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही निघून गेलो असतो. चाळीसगावच्या टांगेवाल्यात आणि त्याच्यात फरक आहे, तो फरक मी पुसत नाही. पण सडकेवर उभ्या असलेल्या आईला त्या फरकाचं काय? सार्वजनिक गाडी नसली की माणूस कुणाच्या तरी मर्जीवर येतो. ती मर्जी कधी जातीवर हलते, कधी पैशावर, कधी खड्ड्यावर. टेम्पोवाल्यानं आमच्यावर मेहेरबानी केली, त्याचं भलं होवो. पण आपली चळवळ मेहेरबानी मागायला जन्मली नाही. मेहेरबानीच्या जागी हक्क बसवायला जन्मली. बसमध्ये मी कुणाचा आभारी नसतो. तिकीट काढलं, उभा राहिलो, संपलं.

*

आता कुणीतरी म्हणेल, अहो मग मेट्रो आली की तुमच्या दाराशी! आणखी काय पाहिजे?

आली. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं. सगळी लाईन जमिनीखालून, फक्त आरेचं एक स्टेशन जमिनीवर. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, पूर्ण लाईन ऑक्टोबर २०२५ मध्ये. मी बसलोय तिच्यात. गार आहे, स्वच्छ आहे, धक्काबुक्की नाही. उगाच नाक मुरडणार नाही.

पण तिची कारशेड कशी झाली ते आठवा. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. दिवस उजाडायचीही वाट बघितली नाही. जमावबंदी लावली, विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक केली. ७ तारखेला सुप्रीम कोर्टानं तोड थांबवायला सांगितलं तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. पुढं एक सरकार आलं, कारशेड कांजूरमार्गला नेतो म्हणालं. २०२२ साली दुसरं आलं, परत आरेतच म्हणालं. झालीही. या सगळ्या काळात आम्हाला एकच सांगितलं जात होतं: तुम्ही गरिबाच्या वाहतुकीच्या आड येताय.

गरिबाच्या! मेट्रोचं आरे ते कफ परेड तिकीट ७० रुपये. जाऊन येऊन १४०. लोकलच्या सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट ५ रुपये आहे. मग करवत चालवताना पुढं केलेला गरीब तो कुठला?

आमच्या खोल्यांच्या पलीकडं एक पाडा आहे. तिथली एक वारली आजी भाजी घेऊन बसस्टॉपवर येते. शेवळं, टाकळा, कर्टुली, जो मोसम असेल ते. टोपली बसच्या पायरीवर चढवायला मी हात लावतो, एवढीच आमची ओळख. एकदा मी तिला तावातावानं सांगत होतो, आजी, आपल्या पाड्यापर्यंत बस आली पाहिजे, आपण मागणी करू. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बस येल, तर रस्ता मोठा व्हईल. रस्ता मोठा झाला का बिल्डिंग येल. मंग बसमधी कोन बसंल? तू बसशील. मी कुठं आसन?"

मला उत्तर देता आलं नाही. मी इथं कालचा आलेला. गावकुसाबाहेरून उठून आलो आणि ज्या जमिनीवर पत्रा ठोकला ती तिची वाट होती. माझ्या तिकिटाचा हक्क आणि तिच्या झाडांचा हक्क यांची झुंज लावून देणारा तिसराच कुणी आहे, तो काचा वर करून याच सडकेनं शॉर्टकट मारत पवईला जातो. त्याला बस नको, झाड नको, आजी नको आणि मीही नको. हे मला दिसतं. पण तेवढ्यानं आजीच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. आपल्या मागण्या मांडताना तिचा प्रश्न पहिल्या ओळीत घ्यावा लागेल, शेवटी 'तसेच आदिवासी बांधवांच्या' म्हणून चिकटवून चालणार नाही.

*

तो तिसरा कोण, ते दोन तारखांमध्ये सापडतं.

१४ ऑक्टोबर २०२४. विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर मंत्रिमंडळानं ठरवलं, मुंबईत शिरणाऱ्या मोटारींना पाचही नाक्यांवर टोल माफ. त्याच मध्यरात्रीपासून लागू.

९ मे २०२५. बेस्टच्या साध्या बसचं कमीत कमी भाडं ५ रुपयांवरून १०. एसीचं ६ वरून १२. सरळ दुप्पट.

मोटारवाल्याला माफी आणि बसवाल्याला दंड. मधे सात महिनेसुद्धा गेले नाहीत. कारण काय सांगितलं? बेस्ट तोट्यात आहे. बरं, किनारी रस्त्यावर हजारो कोटी ओतले, त्याच्या मुख्य मार्गावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, पायी माणसाला बंदी. तो रस्ता तोट्यात आहे असं कधी कुणी म्हणालं? गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून जुळे बोगदे चाललेत. ते नफ्यात निघणार आहेत का? मोटारीसाठी खर्च केला की त्याला विकास म्हणतात आणि बससाठी खर्च केला की तोटा. शब्दांची ही फोड कुणी केली, ते ओळखा.

माझा हिशोब सांगतो. खोलीपासून स्टेशन, स्टेशनपासून खोली. महिन्याचे २६ दिवस. आधी २६० रुपये, आता ५२०. ज्या बाईला दोन बस बदलून कामाला जावं लागतं तिचे १,०४० होतात. दहा रुपयांना काय येतं म्हणणाऱ्यानं एकदा तिच्या पगारातून वजा करून बघावं. आमच्या वस्तीतल्या दोघी भाडं वाढल्यापासून सकाळी स्टेशनपर्यंत चालत जातात. त्यांचे दहा वाचतात आणि पाऊण तास जातो. तो पाऊण तास त्या झोपेतून काढतात.

आणि बस तरी कुठं येते? एकेकाळी बेस्टकडं चार हजारांवर गाड्या होत्या. आज तिच्या स्वतःच्या मालकीच्या काही शेकड्यांवर आल्यात. बाकी भाड्याच्या, ड्रायव्हर कंत्राटी. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, ही कंपनी मुंबईकरांच्या मालकीची झाली. आता मालकी पाटीवर आहे आणि चाकं ठेकेदाराची आहेत.

*

महाडचं आठवा. सार्वजनिक जागा सगळ्यांना खुल्या, असा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ साली पास झाला. महाड नगरपालिकेनं पुढच्या वर्षी तळं खुलं केल्याचा ठराव केला. सगळं कागदावर. २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या एकाही माणसाची ओंजळ त्या पाण्यात बुडाली नाही. ठराव आपल्याकडं आणि पाणी त्यांच्याकडं. आमच्या बसस्टॉपचं तसंच आहे. खांबावर नंबर आहे, बस नाही.

घटनेचं १५ वं कलम काढून वाचा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी आहेत, तळी आहेत, स्नानाचे घाट आहेत, आणि त्याच ओळीत रस्ते आहेत. पाण्याच्या शेजारी रस्ता. ज्यांनी ते लिहिलं त्यांना मसूर ठाऊक होतं, चाळीसगाव ठाऊक होतं. रस्ता ही सार्वजनिक वस्तू आहे. पण एका माणसाची मोटार त्यावर जेवढी जागा अडवते तेवढ्यात बसमधली दहा-बारा माणसं मावतात. तळ्याचं पाणी एकानं पोहोऱ्यानं उपसावं आणि पन्नास जणांनी थेंबासाठी काठावर थांबावं, ही गोष्ट आपण तळ्यावर चालू दिली नाही. रस्त्यावर का चालू देतो?

*

आता एक घरातलं भांडण. अंक वाचणारे तुम्ही बहुतेक विशी-पंचविशीतले. निम्म्यांकडं हप्त्यावरची बाईक आहे, मागं निळा स्टिकर आहे, आणि आतापर्यंत वाचून तुम्ही मला शिव्या घालत असाल. थांबा. तुमच्या बाईकला मी नावं ठेवत नाही. ज्याच्या आजोबाला गाडीमागं धुळीत चालवलं, त्याच्या नातवानं किक मारून पाटलाच्या वाड्यापुढून जाणं, यात काय आहे ते मला कळतं. तो नुसता पेट्रोलचा आवाज नसतो. भर चौकात ती गाडी अडवून मारलेली आपली पोरंही मला माहीत आहेत.

पण मुंबईत ती बाईक काय करते ते बघा. डिलिव्हरीची नोकरी, अट स्वतःची गाडी. गाडी घ्यायला कर्ज. कर्ज फेडायला डिलिव्हरी. सिग्नल तोडला तर दंड तुमचा, पडलात तर हाड तुमचं, पेट्रोल तुमचं. मालक एका चाकाचाही धनी नाही आणि कमाईचा धनी आहे. पूर्वी पाटलाच्या गाडीला बैल पाटलाचे असायचे. आता बैलानं गाडीसकट स्वतःला विकत घेऊन यायचं! आणि मला नोकरी नाकारणाऱ्या साहेबानं हेच विचारलं होतं. माझ्याकडं बैल आहे का, असं नव्हे. मी बैल व्हायला तयार आहे का, असं.

ज्याला बाईक ठेवायची त्यानं जरूर ठेवावी. पण प्रत्येकाला गाडी मिळाली म्हणजे आपण सुटलो, या भ्रमात राहू नका. माझ्या शेजारणीला बाईक नको होती. साडेअकराची बस हवी होती.

अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली. मग काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला, ३८१ दिवस. मोलकरणी चालत गेल्या, म्हातारे चालत गेले. ज्यांच्याकडं मोटारी होत्या त्यांनी त्या सगळ्यांसाठी फिरवल्या. म्हणजे खाजगी गाडी त्या वर्षभरात सार्वजनिक केली! आणि हे कशासाठी? आपापली गाडी घेऊन वेगळं व्हायला नव्हे. त्याच बसमध्ये मानानं परत बसायला. बाईकवाल्या दोस्तांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

*

मग करायचं काय? संपादकीय लिहून बस येत नसते.

येत्या पंधरा दिवसांत आरे, मरोळ, गोरेगाव, कांजूर भागातल्या दोस्तांनी एक करावं. आपल्या स्टॉपवर वही घेऊन उभं राहावं. खांबावर लिहिलेला नंबर, प्रत्यक्ष आलेली बस, वेळ, किती माणसं चढली, किती राहिली. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. बायांना विचारून लिहा, कारण आपल्या पोरांना रात्रीची भीती पुरती कळत नाही. मग त्या वह्या घेऊन डेपोत जायचं, महापालिकेत जायचं. मागण्या साध्या आहेत. पाड्यांमधल्या माणसांना विचारून आणि रस्ता न वाढवता, आहे त्या वाटेवर जाईल अशी छोटी बस. रात्री बारापर्यंत फेरी आणि स्टॉपपासून वस्तीपर्यंत दिवे. भाडं परत ५ रुपये. बेस्टचा खर्च महापालिकेच्या बजेटात, जसा रस्त्याचा असतो, पाण्याचा असतो. ही शेवटची मागणी जुनी आहे. जुनी मागणी मेलेली नसते, ती फक्त कुणी उचललेली नसते.

आजीला हे सगळं वाचून दाखवलं. छोटी बस, रस्ता न वाढवता, यावर तिनं मान हलवली. मग म्हणाली, "लिवून ठेव. पन सही करताना आमाला बोलव."

बोलवणार. पहिली सही तिची.

उद्या सकाळी पावणेसातला मी स्टॉपवर आहे, वही घेऊन. ज्यांना गाडी येते त्यांनीही यावं, ज्यांना येत नाही त्यांनी तर यावंच.

जय भीम.